वैऱ्याचं गाढव

बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक, अध्याय सहावा. अरामाच्या राजानं अलीशा संदेष्ट्याला पकडायला फौज पाठवली आहे. अलीशा प्रार्थना करतो आणि त्या सैनिकांना दिसेनासं होतं. मग तो स्वतःच त्यांना वाट दाखवत थेट शोमरोनात, म्हणजे इस्राएलाच्या राजधानीत, आणून उभं करतो. दृष्टी परत येते तेव्हा ते शत्रूच्या मधोमध असतात. इस्राएलाच्या राजाला धीर धरवत नाही. 'मारून टाकू का यांना? मारून टाकू का?' तो दोनदा विचारतो. अलीशा नको म्हणतो. यांच्यापुढे भाकर आणि पाणी ठेव, खाऊ-पिऊ दे आणि यांच्या धन्याकडे परत जाऊ दे. राजा भाकरपाण्यावर थांबत नाही, मोठी मेजवानी घालतो. सैनिक जेवतात आणि आपल्या देशी जातात. तेविसाव्या वचनाच्या शेवटी म्हटलं आहे की अरामी टोळ्या इस्राएल देशात पुन्हा आल्या नाहीत.

आणि चोविसाव्या वचनात अरामाचा राजा बेन-हदाद आपली सगळी फौज गोळा करून शोमरोनाला वेढा घालतो. वेढा असा, की शहरात गाढवाचं मुंडकं ऐंशी शेकेल चांदीला विकलं जातं आणि एक आई आपलं लेकरू शिजवून खाल्ल्याचं राजाला सांगते.

अभ्यासक सांगतात, या दोन वेगवेगळ्या कथा असाव्यात, कुणीतरी मागाहून शेजारी शेजारी ठेवलेल्या. तसं असेलही. पण ज्यानं ठेवल्या त्यालाही ही दोन वचनं लागून येताना दिसलीच असणार, आणि त्यानं मध्ये एक ओळही घातली नाही. वैऱ्याला जेवू घातलंत तर तो सुधारेल, असं आश्वासन त्यानं दिलं नाही. जेवू घालणं चुकलं, असंही तो म्हणाला नाही. बायबलमध्ये शत्रूविषयी जे जे लिहिलं आहे ते वाचताना मला ही रिकामी जागा सतत आठवते. आपण ती लगेच भरायला धावतो.

भरण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे जुना करार सूडाचा आणि नवा करार प्रेमाचा, असं म्हणून मोकळं होणं. प्रवचनांतून हे इतक्या वेळा ऐकलंय की ते बायबलमध्येच लिहिलेलं असावं असं वाटू लागतं. मला ही वाटणी खोटी वाटते, आणि ज्यांचं ते पहिलं शास्त्र आहे त्या यहूदी लोकांवर अन्याय करणारीही. प्रत्यक्ष पानं उलटली की ती टिकत नाही. 'डोळ्याबद्दल डोळा' हा नियमसुद्धा मुळात सूडाला घातलेला बांध आहे. एका डोळ्याबद्दल एकच, त्याहून जास्त नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर आणि आपल्या वैऱ्याचा द्वेष कर, असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे. मी तर तुम्हांला सांगतो, आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. यातलं पहिलं वाक्य लोकांनी ऐकलं कुठे? शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीय १९:१८ मध्ये आहे आणि तिथे तिच्या आधी सूड उगवू नकोस, असंच म्हटलं आहे. वैऱ्याचा द्वेष कर, अशी आज्ञा मात्र मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही नाही. मृत समुद्राकाठी कुमरान इथे १९४७ पासून जी हस्तलिखितं सापडत गेली, त्यांतल्या एका पंथाच्या नियमावलीत प्रकाशाच्या सर्व पुत्रांवर प्रेम करा आणि अंधाराच्या सर्व पुत्रांचा द्वेष करा, असं सांगितलेलं आढळतं. म्हणजे अशी शिकवण त्या काळात, त्या प्रदेशात वावरत होती. येशू नेमकं तिच्याविषयीच बोलत होता का, हे ठरवता येत नाही. पण तो मोशेला खोडत नव्हता, एवढं मला स्पष्ट दिसतं. मोशेच्या नियमशास्त्रात तर वैऱ्याचं गाढव आहे.

निर्गम, तेविसावा अध्याय, चौथं आणि पाचवं वचन. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं, तर ते त्याला नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर त्याला तसंच टाकून जाऊ नकोस, त्याच्याबरोबर हात लावून ते सोडव. या दोन वचनांच्या आगेमागे काय आहे तेही पाहावं. आधी खोटी साक्ष देऊ नका, जमावामागे जाऊन न्याय वाकडा करू नका. नंतर गरिबाच्या वादात न्याय विपरीत करू नका. म्हणजे प्रसंग न्यायाचा, वादाचा आहे. हा वैरी दूरदेशीचा सैनिक नसावा. तो त्याच गावात राहणारा, बांधाला बांध लागून असलेला, बहुधा ज्याच्याशी दावा चालू आहे असा माणूस असावा. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो, पण तिथे गाढव भावाचं आहे. निर्गमातला नियम अधिक अवघड. भावाचं गाढव सोडवायला आज्ञा कशाला हवी?

मला या दोन वचनांचा धाक वाटतो, कारण ती मनाबद्दल काहीच विचारत नाहीत. क्षमा केलीस का, राग गेला का, ही चौकशी नाही. दावा मागे घे, असंही नाही. जनावर ओझ्याखाली अडकलं आहे, हात लाव. आणि हात लावायचा तो त्या माणसाबरोबर, म्हणजे दोघांनी एकाच ओझ्याला दोन बाजूंनी धरायचं. तेवढा वेळ तरी दुसरं काही धरता येत नाही.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आमच्या एका जवळच्या नातेवाइकानं त्यांच्या सह्या घेतल्या. कशावर घेतल्या, ते वडील गेल्यावर कळलं. पुढची वर्षं वकिलाकडच्या फेऱ्यांत गेली, आणि आईचं उरलेलं आयुष्य त्या गोष्टीनं पोखरलं. प्रकरण चालू असताना त्या माणसाच्या नावाचं एक सरकारी पाकीट चुकून आमच्या पत्त्यावर आलं. त्याच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांबद्दलचं असावं, वर मुदतीची सूचना होती. मी ते नेऊन त्याच्या दारात दिलं. माझ्या मनात प्रेम नव्हतं. दयासुद्धा नव्हती. त्यानं दार उघडलं, पाकीट घेतलं, दार लावलं. मी परत आले आणि पुढच्या तारखेची तयारी केली. निर्गमातली ती दोन वचनं त्या दिवशी मला पुरेशी होती. 'प्रीती कर' एवढंच वचन माझ्यापुढे असतं तर मी ते पाकीट फाडलं असतं, असं मला खरोखर वाटतं, कारण प्रीती मला जमत नव्हती आणि न जमणाऱ्या आज्ञेपुढे माणूस सगळंच सोडून देतो.

त्याच काळात भेटायला येणारी भली माणसं क्षमेविषयी बोलत. मला मात्र आधार दिला तो स्तोत्रसंहितेतल्या अशा पानांनी, जी सभेत सहसा वाचली जात नाहीत. पंचावन्नावं स्तोत्र म्हणतं, शत्रूनं निंदा केली असती तर मी सोसलं असतं, पण तो तू होतास, माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी चालत गेलो. आणि लगेच पुढे, त्यांच्यावर मरण येवो, ते जिवंतपणी अधोलोकात उतरोत. एकशे नववं त्याहून भयंकर आहे. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुलं पोरकी होऊन भीक मागोत, त्याच्या पोरक्या लेकरांवर कुणी दया न करो. कॅथलिक चर्चनं १९७१ साली दैनंदिन प्रार्थनेचा सुधारलेला ग्रंथ काढला, तेव्हा अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही स्तोत्रं पूर्ण वगळली, आणि एकशे सदतिसाव्याची शेवटची वचनंही. बाबेलची बाळं खडकावर आपटणारा धन्य, असं म्हणणारी ती वचनं. वगळणाऱ्यांची अडचण मला समजते. रोज सकाळी एका सुरात म्हणायचे हे शब्द नव्हेत. पण वडिलांच्या सह्यांचे कागद पुढ्यात असताना मला ते सापडले नसते, तर देवाशी बोलायला माझ्याकडे खरा असा एकही शब्द उरला नसता.

ही स्तोत्रं पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्यांत कितीही विष असो, ते देवाला सांगितलेलं आहे. शाप देणाऱ्याच्या हातात काही नाही. तो लुबाडला गेलेला आहे, देशोधडीला लागलेला आहे, आणि जे करावंसं वाटतं ते तो करत नाही, बोलतो. हा फरक किती मोठा आहे हे, ज्याच्या नावावर यातली पुष्कळ स्तोत्रं आहेत त्या दावीद राजाच्याच आयुष्यात दिसतं. जिवावर उठलेला राजा शौल गुहेत हाती लागला असताना दावीदानं त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला. पुढे दावीदाच्या मुलानं केलेल्या बंडाच्या वेळी शिमी नावाचा माणूस त्याला शिव्याशाप देत, दगड मारत रस्त्यानं चालला, तेव्हा दावीदानं त्याला मारू दिलं नाही, आणि परतल्यावर तुला मारणार नाही, अशी शपथही वाहिली. बायबलमधलं शत्रूशी वागण्याचं सर्वांत उमदं रूप इथे आहे. पण मरणशय्येवर हाच दावीद आपला मुलगा शलमोन याला सांगतो, मी शपथ वाहिली होती, पण तू शहाणा आहेस, त्याचं पिकलेलं डोकं रक्तानिशी अधोलोकात जाऊ दे. इतकी वर्षं जपून ठेवलेला शाप त्यानं अखेर देवापुढे ठेवला नाही. ज्याच्या हाती तलवार होती त्या मुलाच्या कानात घातला. शिमी मारला गेला.

आणि यिर्मया. या विषयात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस, कारण सगळी ओढाताण त्याच्या एकट्याच्या अंगात आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमेतून माणसं उचलून नेली. त्या बंदिवानांना यिर्मयानं पत्र लिहिलं, ते एकोणतिसाव्या अध्यायात आहे. घरं बांधा, मळे लावा, लेकरंबाळं होऊ द्या, आणि ज्या नगरात मी तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे येशूच्या कितीतरी शतकं आधी एका पराभूत देशाच्या संदेष्ट्यानं शत्रूच्या राजधानीबद्दल लिहिलं. आता एक्कावन्नावा अध्याय. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी सराया नावाचा अधिकारी बाबेलला जायला निघतो. यिर्मया त्याच्याजवळ एक गुंडाळी देतो, त्यात बाबेलवर येणारे सगळे अनर्थ लिहिलेले आहेत. तिथे पोचल्यावर हे मोठ्यानं वाच, मग तिला दगड बांधून फरात नदीत टाक आणि म्हण, असंच बाबेल बुडेल, पुन्हा वर येणार नाही.

त्याच शहरासाठी, काही वर्षांच्या आत, त्याच हातानं लिहिलेली ही दोन लिखाणं. एकात शहराच्या भल्याची प्रार्थना, दुसऱ्यात त्याचा शेवट. कुणी म्हणेल, पहिलं व्यवहाराचं आणि दुसरं न्यायाचं. कुणी म्हणेल, एक्कावन्नावा अध्याय नंतरच्या कुणा लेखकानं जोडला असेल. मला तसं सोडवून घ्यावंसं वाटत नाही. ज्यानं आपल्या गावातल्या शत्रूंबद्दल 'त्यांच्या अधर्माची क्षमा करू नकोस' अशी प्रार्थना केली (१८:२३), त्यानंच परक्या शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करायला शिकवलं, हे मला पटतं. गुंडाळी कुणाच्या हाती शस्त्र म्हणून दिली नाही, नदीत सोडली. पण सोडण्याआधी ती मोठ्यानं वाचायची होती. अन्यायाला अन्याय म्हणणं रद्द झालं नव्हतं.

पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याच्या बाबतीतही तेच दिसतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात दगडांखाली मरताना तो म्हणतो, प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस. आपल्याला हे शेवटचं वाक्य पाठ असतं. थोडं आधी त्यानं याच लोकांना ताठ मानेचे आणि खुनी म्हटलेलं असतं, ते आपण विसरतो. २ इतिहासात असाच दगडांनी मारला गेलेला एक माणूस आहे, यहोयादा याजकाचा मुलगा जखऱ्या. ज्या योवाश राजाचा जीव जखऱ्याच्या आईबापांनी वाचवला होता, त्याच्याच आज्ञेवरून मंदिराच्या अंगणात त्याला मारलं. तो मरताना म्हणाला, परमेश्वर हे पाहो आणि याचा झाडा घेवो. दोघेही धार्मिक, मरणही एकसारखं, शब्द मात्र उलटे. जखऱ्या जुना आणि स्तेफन नवा म्हणून हे मिटत नाही, कारण प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, नव्या कराराच्या अगदी शेवटच्या पुस्तकात, वेदीखालचे हुतात्मे पुन्हा जखऱ्याच्याच सुरात ओरडतात. प्रभू, आमच्या रक्ताचा सूड कधी घेणार? त्यांना कुणी दटावत नाही. शुभ्र झगे देतात आणि आणखी थोडा वेळ थांबा म्हणतात.

पौल रोमकरांना लिहितो, सूड घेणं देवाचं काम आहे, तुम्ही वैऱ्याला भूक लागली तर खायला द्या. हे तो नीतिसूत्रांतून घेतो, निखाऱ्यांसकट. असं केल्यानं त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. ते निखारे पश्चात्तापाचे की शिक्षेचे, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की नीतिसूत्रांतलं पुढचं अर्धं वाक्य, 'आणि परमेश्वर तुला प्रतिफळ देईल', पौलानं घेतलेलं नाही. बक्षीस वगळून भाकर तेवढी ठेवली.

इथवर मला वाट दिसते. वैऱ्याबद्दल जे वाटतं ते देवापुढे उघड बोलायचं, आणि हातानं मात्र भाकर द्यायची, गाढव सोडवायचं. पण बायबलमध्ये अशी पानंही आहेत जिथे ही वाट तुटते. स्तोत्रांतला शाप माणसाकडून देवाकडे जातो. यहोशवाच्या पुस्तकात तलवार देवाकडून माणसाच्या हातात येते. यरीहो पडल्यावर पुरुष, बाया, पोरं, म्हातारे, बैल, मेंढरं, गाढवं, सगळ्यांचा संहार होतो. इस्राएली हेरांना लपवणारी राहाब आणि तिचं घर तेवढं वाचतं. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात कनानातल्या नगरांबद्दल आज्ञा आहे, श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवू नका. दोनच वचनं सोडून त्याच अध्यायात सांगितलं आहे, वेढा घालताना फळझाडं तोडू नका, झाडं काय माणसं आहेत, की त्यांना वेढा घालावा? हे वाचून मला पुढे जाववत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अमालेक या शत्रू जमातीची तान्ही बाळंही मारण्याची आज्ञा आहे, आणि शौलाचा दोष असा, की त्यानं अगाग राजाला आणि चांगली गुरं राखली.

यातून सुटण्याच्या वाटा लोकांनी शोधल्या. मार्कियन या ख्रिस्ती शिक्षकानं दुसऱ्या शतकात जुना करारच टाकून दिला. त्यातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो म्हणे, आणि १४४ साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती भाष्यकारानं तो राखला, पण लढाया आत्म्यातल्या केल्या. कनानी म्हणजे आपली पापं. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोचं उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचं शहर असल्याच्या खुणा त्यांना सापडल्या नाहीत. हे ऐकून काहींना हायसं वाटतं, की म्हणजे ते घडलंच नसेल. मला वाटत नाही. घडलं नसेल तरी आज्ञा लिहिलेली आहे, आणि ती वाचून पुढे खरोखर घडलं. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमधल्या प्यूरिटन उपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटलं. ते म्हणणं वेदीखालच्या हुतात्म्यांचं नव्हतं. त्यांच्या हातात बंदुका होत्या.

हे अध्याय मी वगळत नाही आणि त्यांना आमेनही म्हणत नाही. ते वाचल्यावर मी २ इतिहासाचा अठ्ठाविसावा अध्याय काढते. इस्राएलानं यहूदावर स्वारी केली आहे. एका दिवसात एक लाख वीस हजार माणसं मारली, बायका-मुलं मिळून दोन लाख बंदिवान केले. लूट घेऊन सैन्य शोमरोनाकडे चाललं आहे, आणि ओदेद नावाचा संदेष्टा त्यांच्या समोर जातो. तो म्हणतो, परमेश्वर यहूदावर संतापला होता म्हणून त्यानं त्यांना तुमच्या हाती दिलं, हे खरं. पण तुम्ही आकाशाला भिडणाऱ्या क्रोधानं त्यांची कत्तल केलीत. तुमच्याकडे स्वतःचे अपराध नाहीत का? देवानं शत्रू हाती दिला, हे यहोशवाच्या सैन्याचंही कारण होतं. ओदेद ते कारण नाकारत नाही, आणि तरी त्यांना अडवतो. राजांच्या पुस्तकात या युद्धाची हकिकत आहे, पण तिच्यात ओदेद नाही.

हे खरं, की ते बंदिवान इस्राएलाचे भाऊबंद होते, कनानी नव्हते. ओदेद त्यांना भाऊच म्हणतो. मी हे विसरत नाही. पण पुढे काय होतं ते पाहा. सैनिक लूट आणि बंदिवान सोडून देतात. नावानिशी नेमलेली माणसं उघड्यांना त्याच लुटीतले कपडे चढवतात, पायांत जोडे घालतात, खायला-प्यायला देतात, तेल लावतात, आणि अशक्त होते त्यांना गाढवांवर बसवून यरीहोला पोचवतात. कित्येक शतकांनंतर येशूनं जो दृष्टांत सांगितला त्याचाही रस्ता यरीहोचाच, त्यातही तेल आहे, जनावर आहे, आणि मदत करणारा शोमरोनीच. पण तिथे पडलेला माणूस त्याचा भाऊ नाही, वैरी आहे.

ओदेदाच्या बोलण्यानंतर एफ्राइमाचे चार सरदार सैन्याच्या आडवे उभे राहिले. इतिहासकारानं त्यांची नावं बापांच्या नावांसकट लिहून ठेवली आहेत: योहानानाचा मुलगा अजऱ्या, मशिल्लेमोथाचा मुलगा बरेख्या, शल्लूमाचा मुलगा यहिज्कीया, हदलाईचा मुलगा अमासा. जिंकून आलेल्या आपल्याच लोकांना ते म्हणाले, या बंदिवानांना इथे आणू नका, आमचा अपराध आधीच मोठा आहे.